सह्याद्रीचे सदाहरित रान व पाऊसपाणी

महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून घाट उतरून तीस-बत्तीस किलोमीटरांवरील वाईस यावे, तो तोच पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरांवर येऊन ठेपतो. आणि आणखी पूर्वेस माणदेशात पोहोचेतो शेतकऱ्याची नजर पाचशे मिलिमीटरांच्या आसपास घुटमळू लागते. एकाच सातारा जिल्ह्यात, एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात, भाताचा मुलूख संपून बाजरीचा मुलूख सुरू होतो. हा फरक सह्याद्रीने केला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या सह्याद्रीच्या अंगावर जे रान आहे त्याचा या पाऊसपाण्यात नेमका वाटा कोणता, याविषयी मात्र गावोगाव दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, रान तोडल्यामुळेच पाऊस गेला. दुसरा म्हणतो, पाऊस समुद्रावरून येतो, त्याला झाडाशी काय कर्तव्य? दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही मते जशीच्या तशी स्वीकारली तर शेतीच्या दृष्टीने फसगत होण्याचा संभव आहे.

सह्याद्रीची रांग तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेली आहे. जून महिन्यात अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे या भिंतीवर आदळतात, वर चढतात, चढताना थंड होतात, आणि थंड हवेत तेवढे बाष्प मावेनासे झाले की ते पाऊस होऊन कोसळते. हे काम डोंगराचे आहे. उद्या घाटमाथा उघडा कातळ झाला, तरी आषाढातील मुख्य पाऊस तेथे पडतच राहील. तेव्हा रानामुळे मोसमी पाऊस येतो असे म्हणणे बरोबर नव्हे. पावसाचे आश्वासन देऊन गावाकडून झाडे लावून घेणारा कार्यकर्ता दोन कोरड्या वर्षांत गावाचा विश्वास गमावतो, आणि मग त्याची खरी सांगीही कोणी ऐकत नाही.

परंतु पाऊस पडणे ही गोष्ट वेगळी आणि पाणी राहणे ही गोष्ट वेगळी. पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, किती वाहून जाते, किती मुरते, किती पुन्हा वाफ होऊन आकाशात जाते आणि ती वाफ कोठे उतरते, या सर्व प्रश्नांत रानाचा हात आहे. आणि तो हात किती बळकट असावा हे रानातील झाडे, वेली, पक्षी, किडे व बुरशी यांच्या विविधतेवर अवलंबून असते.

रानाची घडण

घाटमाथ्यावरील सदाहरित रान बाहेरून पाहणाऱ्यास एकसारखे हिरवे दिसते. आत शिरले म्हणजे त्याचे मजले दिसू लागतात. महाबळेश्वर-कोयना भागात अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचा दाट थर असतो. वाऱ्यामुळे ही झाडे फार उंच वाढत नाहीत, पण त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंतून छत तयार होते. त्यांच्या जोडीला हिरडा, फणशी, गेळा, अमृता यांसारखी झाडे असतात. दक्षिणेस आंबोली, तिलारीकडे जावे तसे वृक्ष उंच होत जातात. मधल्या थरात लहान झाडे, त्यांवर चढलेल्या गारंबी व शिकेकाईच्या वेली, फांद्यांवर शेवाळ आणि आमरीची फुले. त्याखाली कारवी व झुडपे. आणि सर्वांत खाली, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, तो कुजत चाललेल्या पानांचा गालिचा.

संपूर्ण सह्याद्रीच्या रांगेत फुले येणाऱ्या वनस्पतींच्या सात हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. बेडकांच्या बहुसंख्य जाती तर अशा की त्या जगात अन्यत्र कोठेच आढळत नाहीत. आंबोली येथील एक भेक २००९ साली शास्त्राला नव्याने ज्ञात झाला. त्याच गावी, हिरण्यकेशी नदीचा उगम ज्या देवस्थानात आहे तेथील कुंडात, एक लहानसा मासा २०२० साली नव्याने नोंदला गेला आणि ते स्थळ पुढील वर्षी जैविक वारसा म्हणून शासनाने घोषित केले. दाट रान, बारमाही पाणी आणि देवाच्या भयाने टिकून राहिलेली शांतता या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावाचून असला जीव तगत नाही. युनेस्कोने २०१२ मध्ये सह्याद्रीतील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांपैकी कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार महाराष्ट्रातील आहेत.

हे सारे प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील वर्णन वाटेल. शेतकऱ्यास त्याचे काय? उंबराचेच उदाहरण घेऊ. उंबर फोडला की आत केंबरे दिसतात आणि खाणारा तोंड वाकडे करतो. वस्तुतः उंबर, नांद्रुक, पायर यांच्या कुळातील जवळजवळ प्रत्येक झाडास परागीकरणासाठी आपापल्या जातीचा बारीक किडा लागतो. तो किडा नाही तर बी नाही. ही झाडे वेगवेगळ्या वेळी फळतात, आणि ज्या महिन्यांत रानात दुसरे काही खाण्यास नसते त्या महिन्यांतही पाखरांना व माकडांना जगवतात. तीच पाखरे इतर झाडांच्या बिया दूर नेऊन टाकतात. धनेश पक्षी काळा धूप, रानजायफळ यांसारख्या मोठ्या बियांच्या वृक्षांची फळे गिळतो व बी लांबवर जाऊन टाकतो. एवढे मोठे बी गिळू शकणारे पाखरू रानात दुसरे क्वचितच असते. या पक्ष्याची मादी अंडी घालण्यासाठी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःस जवळजवळ कोंडून घेते व नर बाहेरून तिला चारा पुरवतो. म्हणजे जुने, पोकळ, लाकूड म्हणून निरुपयोगी ठरलेले झाड तोडले की धनेश जातो. धनेश गेला की मोठ्या बियांची झाडे नव्याने उगवेनाशी होतात. ती गेली की छताचा वरचा मजला विरळ होतो. हे एका वर्षात होत नाही. माणसाच्या एका पिढीत ते डोळ्यांना दिसतही नाही, आणि हीच त्यातील अडचण आहे.

छत, गालिचा व झरा

उघड्या उतारावर पावसाचा थेंब सरळ जमिनीवर आदळतो, मातीचे कण उडवतो, बारीक गाळ मातीच्या छिद्रांत बसतो आणि थोड्याच वेळात पाणी मुरणे मंदावून वाहणे सुरू होते. रानात तोच थेंब आधी पानावर, मग खालच्या पानावर, मग कारवीवर, मग पाचोळ्यावर पडतो. काही पाणी पानांवरूनच वाळून जाते. काही खोडावरून ओघळत मुळाशी उतरते. पाचोळ्याखाली गांडुळे, वाळवी व असंख्य किडे यांनी पाडलेली छिद्रे असतात. कुजलेल्या मुळांच्या पोकळ नळ्या असतात. जांभळाची मुळे एका खोलीवर, अंजनीची दुसऱ्या, वेलींची तिसऱ्या. त्यामुळे जमीन निरनिराळ्या थरांत सच्छिद्र राहते. येथे विविधतेचा अर्थ कळतो. एकाच जातीच्या, एकाच वयाच्या झाडांची मुळे एकाच थरात दाटी करतात आणि त्यांचा पाला एकाच प्रकारे, बहुधा सावकाश, कुजतो.

शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे याच घाटरांगेत, शास्त्रज्ञांनी नैसर्गिक रान, ओसाड झालेले रान आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड यांखालील जमिनीत पाणी किती वेगाने मुरते हे मोजून पाहिले. त्यांचे निष्कर्ष २०१० व त्यापुढील वर्षांत प्रसिद्ध झाले. नैसर्गिक रानाखालील जमीन पाणी सर्वाधिक वेगाने जिरवते; ओसाड जमिनीतून ते पुरासारखे वाहून जाते; आणि बाहेरून आणून लावलेल्या एकजातीच्या वनाने थोडी सुधारणा होत असली तरी मूळ रानाची बरोबरी होत नाही, असे त्यांतून दिसून आले. रान स्वतःही पुष्कळ पाणी पिते, हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही. कमी पावसाच्या मुलखात दाट लागवडीने विहिरीचे पाणी खाली गेल्याची तक्रार होते ती अगदीच निराधार नसते. पण घाटमाथ्यावर पाऊस एवढा की रानाने पिऊन घेतलेल्यापेक्षा रानामुळे मुरलेले पाणी अधिक भरते, आणि ते मार्च-एप्रिलपर्यंत झऱ्याच्या रूपाने हळूहळू बाहेर येत राहते.

ही ओळख नवी नाही. मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक म्हणून १८४७ साली ज्यांची नेमणूक झाली ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे त्यापूर्वी दापोडी येथील सरकारी बागेचे अधीक्षक होते. दक्षिण कोकणात झाडतोड झालेल्या भागात झरे आटू लागल्याची बाब त्यांनी त्या काळीच सरकारपुढे मांडली होती. पुढे सरकारने रानांवर जे निर्बंध घातले त्यांत झऱ्यांपेक्षा जहाजांच्या व रेल्वेच्या लाकडाची काळजी अधिक होती, ही गोष्ट निराळी. त्या निर्बंधांचा जाच डोंगरातील गरीब शेतकऱ्यासच जास्त झाला, आणि रान म्हणजे सरकारचे, आपले नव्हे, ही भावना तेव्हापासून घर करून बसली.

कृष्णा महाबळेश्वरास उगम पावते, भीमा भीमाशंकरास, गोदावरी त्र्यंबकेश्वरास. कोयना, वारणा, पंचगंगा याच माथ्यावरून उतरतात. देशावरील उसाचे मळे, द्राक्षाच्या बागा आणि शहरांचे नळ ज्या पाण्यावर चालतात त्याचे मूळ या अरुंद हिरव्या पट्ट्यात आहे. धरण पाणी साठवते, ते निर्माण करीत नाही. आणि उघड्या डोंगरावरून आलेले पाणी आपल्याबरोबर गाळही आणून धरणात टाकते.

पानातून आकाशात

आता रानाच्या ज्या कामाविषयी अलीकडच्या काळातच नीट ज्ञान झाले आहे, त्याकडे वळू. प्रत्येक पानाच्या पाठीवर डोळ्यांस न दिसणारी छिद्रे असतात. मुळांनी शोषलेले पाणी त्या छिद्रांतून वाफ होऊन बाहेर पडते; यास बाष्पोत्सर्जन म्हणतात. पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक लिटर थंडगार पाणी उकळीपर्यंत आणण्यास जेवढी उष्णता खर्च होते, तिच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेच पाणी वाफेत नेण्यास लागते. ही उष्णता रान आपल्या भोवतालच्या हवेतून व उन्हातून घेते. ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या सड्यावर चालून देवराईत पाऊल टाकले की जो गारवा लागतो, त्यात सावलीचा भाग आहे तसाच या वाफेचाही आहे.

ही वाफ जाते कोठे? काही तेथेच धुके व दव होऊन परत येते. उरलेली वाऱ्याबरोबर पुढे जाते. या प्रश्नाचे पहिले निःसंदिग्ध उत्तर सह्याद्रीत नव्हे, तर दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात मिळाले. तेथे अटलांटिक महासागरावरून येणारे वारे हजारो किलोमीटर आत जातात. वाटेत पाऊस पडत गेल्यावर वारे कोरडे व्हावयास हवेत. पण खोऱ्याच्या दूरच्या टोकासही भरपूर पाऊस होतो. १९७० नंतरच्या दशकात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेयास सलाती यांनी ठिकठिकाणचे पावसाचे पाणी गोळा करून त्यातील जड व हलक्या ऑक्सिजनचे प्रमाण तपासले. ढग पुढे सरकतो तसे जड ऑक्सिजनचे पाणी आधी गळून पडते, म्हणून पश्चिमेकडील पाऊस क्रमाने हलका होत जावयास हवा. तो अपेक्षेपेक्षा फारच कमी हलका होत होता. याचा अर्थ, पडलेले पाणी झाडे पुन्हा हवेत सोडीत होती आणि तेच पुढे पाऊस होऊन पडत होते. या खोऱ्यातील पावसाचा सुमारे निम्मा भाग असा रानातून फिरून आलेला असतो, असे त्यांनी दाखवून दिले. ही बाष्पाने भरलेली हवा पुढे अँडीज पर्वतास अडून दक्षिणेकडे वळते आणि तेथील सोयाबीन, मका व उसाच्या शेतांवर पाऊस आणते. ब्राझीलमध्ये तिला ‘उडत्या नद्या’ असे सार्थ नाव पडले आहे. त्याच देशाच्या रोंडोनिया प्रांतात जेथे रानाची मोठी तोड झाली तेथे पावसाळा उशिरा सुरू होऊ लागल्याचे नोंदींवरून आढळले. एका पावसाळ्यात पाठोपाठ दोन पिके घेणाऱ्या शेतकऱ्यास दहा-पंधरा दिवसांचा उशीर म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

भारताची स्थिती याहून भिन्न आहे. येथे समुद्र जवळ आहे व मोसमी वारे जोरकस आहेत. जुलै महिन्यात हवा समुद्राच्याच बाष्पाने भरलेली असते व रानाच्या वाफेने त्यात फारशी भर पडत नाही. पण मोसम जसा उतरणीस लागतो तसा समुद्राकडील पुरवठा कमी होतो, जमीन मात्र भिजलेली असते आणि झाडे पानांनी लदलेली असतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ साली दाखवून दिले की, देशाच्या पावसात जमिनीवरील वनस्पतींनी परत केलेल्या पाण्याचा वाटा मोसमाच्या उत्तरार्धात वाढत जातो. गंगेच्या खोऱ्यात व ईशान्य भारतात तो विशेष आहे. याच संस्थेतून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात सह्याद्रीच्या रानांचा थेट विचार केला गेला. तामिळनाडू हा नैऋत्य मोसमी पावसाच्या दृष्टीने डोंगराच्या आडोशाचा प्रदेश. तेथे जून ते सप्टेंबरमध्ये जो काही पाऊस पडतो त्याला सह्याद्रीतील झाडांच्या वाफेचा मोठा हातभार लागतो. आणि ज्या वर्षी मोसम तुटीचा असतो त्या वर्षी हा हातभार प्रमाणाने वाढतो, असे त्यातून निघाले. म्हणजे समुद्राने हात आखडला की रान आपल्या साठ्यातून उसनवारी करते. कावेरीच्या पाण्यावरून दोन राज्यांत तंटा चालत आला आहे. पण तिसऱ्याच मुलखातील झाडांनी दिलेल्या या पाण्याचा हिशेब कोणत्याही लवादापुढे आलेला नाही.

तामिळनाडूविषयीचे हे निष्कर्ष जसेच्या तसे सोलापूर किंवा माण-खटावला लावणे योग्य होणार नाही. दक्षिणेत घाटातील रानाचा पट्टा रुंद आहे. महाराष्ट्रात तो चिंचोळा असून जागोजागी तुटलेला आहे. परंतु रब्बी ज्वारीची पेरणी ज्या भाद्रपदातील सरींवर अवलंबून असते त्या सरींच्या काळातच जमिनीवरून उठणाऱ्या वाफेचे मोल अधिक असते, ही दिशा स्पष्ट आहे. पट्टा आधीच चिंचोळा म्हणून त्याची पर्वा करू नये, असा अर्थ त्यातून निघत नाही.

येथेही विविधतेचा प्रश्न येतोच. पानझडी झाड फाल्गुनात उघडे पडते आणि त्याचे बाष्पोत्सर्जन जवळजवळ थांबते. अंजनी, जांभूळ यांसारखी सदाहरित झाडे बारमाही पाने राखून असतात, व त्यांना नवी पालवी निरनिराळ्या वेळी येते. अनेक जातींचे रान म्हणूनच वर्षभर थोडे थोडे काम करीत राहते. शिवाय एखाद्या किडीने वा रोगाने एक जात मारली तरी छत पूर्ण उघडे पडत नाही. एकाच जातीची लागवड म्हणजे सारे धान्य एकाच कणगीत भरण्यासारखे आहे.

राब, कोळसा व मालकीची राने

हे रान कमी होते ते कोणत्या दुष्ट माणसामुळे नव्हे, बहुधा गरजेमुळे. कोकणात व घाटमाथ्यावर भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची चाल फार जुनी आहे. ऐन, किंजळ यांचे टहाळ तोडायचे, शेण, गवत व माती यांचे थर द्यायचे आणि उन्हाळ्यात पेटवायचे. यामुळे तणाचे बी मरते व राख मिळते, हे खरे. पण थोड्याशा वाफ्यासाठी दरसाल किती झाडांची मुंडी छाटली जाते हे डोंगरउतारावरील ठोंबांकडे पाहिले म्हणजे कळते. टहाळ तोडलेल्या झाडास फळ धरत नाही, बी पडत नाही आणि त्याच्या जागी दुसरे झाड उभे राहत नाही. राबाची आग आटोक्याबाहेर गेली तर पाचोळ्याचा गालिचा एका दुपारी भस्म होतो, आणि तो पुन्हा जमण्यास कित्येक पावसाळे जावे लागतात.

राबावाचून रोपे होत नाहीत ही समजूत आता अनुभवाने खोटी ठरली आहे. गादीवाफ्यावर चांगले कुजलेले शेणखत घालून, तसेच भाताच्या तुसाची काळी राख वाफ्याच्या मातीत मिसळून रोपे जोमदार होतात. चारसूत्री पद्धतीत याच राखेचा उपयोग पहिले सूत्र म्हणून सांगितला आहे. त्याच पद्धतीत बांधावर वाढविलेल्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीपूर्वी शेतात घालण्यास सांगतात. गिरिपुष्प हे काही आपल्या रानातील झाड नव्हे. पण ते बांधावरच ठेवले आणि त्याच्या पाल्यामुळे डोंगरातील ऐन-किंजळ वाचला, तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

याहून अवघड प्रश्न मालकीच्या रानांचा आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत डोंगरउताराची बरीच राने खाजगी मालकीची आहेत, व एकेका सातबाऱ्यावर अनेक भावकीची नावे असतात. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, घराची दुरुस्ती, असा खर्च आला की रान ठेकेदारास एकगठ्ठा दिले जाते. किंमत लाकडाची किंवा कोळशाची ठरते. झऱ्याची, मधाची, खालच्या वाडीतील विहिरीची किंमत त्या सौद्यात येत नाही, कारण ती मोजून कोणी देत नाही. दोडामार्गाकडे तोडलेल्या रानाच्या जागी रबर व अननस आले. त्या पिकांपासून पैसा मिळतो, हे नाकारता येणार नाही. ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न नाही त्यास केवळ उपदेश करून भागणार नाही. त्याच्यापुढे दुसरा हिशेब मांडावा लागेल. त्यासाठी उदाहरणे आहेत. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली मधाचे गाव म्हणून पुढे आले. तेथील मध जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्याचा. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा एकाच वेळी फुलते तेव्हा कारवीचाही. प्रत्येक फुलोऱ्याचा मध चवीने व रंगाने निराळा, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच येते. हे उत्पन्न पेट्यांमुळे मिळते असे दिसते, पण एकामागून एक फुलणारी इतक्या जातींची झाडे भोवती नसती तर माशीला वर्षभर पुरेल असा चारा मिळालाच नसता. त्याच माशा उतरून पायथ्याच्या शेतांतही जातात.

कोकम, शिकेकाई, हिरडा, सुरंगीची फुले यांचेही असेच. एकेकाचे उत्पन्न लहान. पण रान उभे राहून दरसाल मिळणारे.

देवरायांचे उदाहरण तर घरचेच आहे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली, तेव्हा भोवतालचे डोंगर उघडे पडलेले असतानाही या लहान तुकड्यांत मूळ रानाचे नमुने जिवंत असल्याचे आढळले. सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाची दलदल अशाच एका राईमुळे टिकली. पाण्यात उभी राहून श्वासासाठी मुळे चिखलाबाहेर काढणारी ही झाडे महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसतात. पुष्कळ देवरायांत आज जुने देऊळ पाडून सिमेंटचे मोठे देऊळ बांधण्याची हौस दिसते, आणि त्याच्या खर्चासाठी राईतीलच झाडे विकली जातात. ज्या झाडांसाठी देव बसविला त्यांच्यावरच ही पाळी यावी, हे विचित्र होय.

गावपातळीवर करण्यासारखे

गावपातळीवरील कार्यकर्त्याने रानाविषयी बोलण्यापूर्वी गावातील एक झरा निवडून त्याचे पाणी मोजण्यास आरंभ करावा. साधने फारशी लागत नाहीत: माप ठाऊक असलेली एक बादली आणि एक घड्याळ. दर महिन्याच्या ठराविक दिवशी, झऱ्याखाली बादली किती सेकंदांत भरते हे पाहून वहीत लिहावे व ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लावावे. शक्य असेल तेथे दोन झरे घ्यावे, एक राईखालचा व एक उघड्या उताराखालचा. दोन्ही ठिकाणची जमीन व खडक सारखा नसेल तर तुलना फसवी होते, म्हणून निवड गावातील जाणत्या माणसांस बरोबर घेऊन करावी. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदीपुढे व्याख्यानाची गरज उरत नाही. पर्जन्यमापकाच्या आकड्यांशी त्या पडताळून पाहिल्यास अधिक बरे.

२००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत व्यवस्थापन समिती असावयाची व तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. अनेक गावांत ही वही कोणाकडून तरी लिहून घेऊन कपाटात ठेवलेली असते. ती काढून म्हाताऱ्या माणसांपुढे वाचावी. कोणते झाड आता दिसत नाही, कोणत्या पऱ्याला पूर्वी शिमग्यापर्यंत पाणी असे, धनेश शेवटचा कोणत्या ढोलीत पाहिला, ही माहिती त्यांच्याजवळ आहे आणि ती लिहून ठेवण्यास फार वर्षे उरलेली नाहीत. रानावरील सामूहिक हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या गावांनी मिळविले असतील त्यांना तर तोड, चराई व वणवा यांविषयी स्वतःचे नियम ठरविण्याचा अधिकार आहे.

लागवड करावयाची झाल्यास ती झऱ्याच्या वरच्या अंगास, आणि जवळच्या राईत आपोआप वाढणाऱ्या झाडांचीच करावी. एका ओळीत एकच जात लावू नये. जेथे जुनी ठोंबे जिवंत आहेत तेथे खड्डे खणण्याऐवजी कुंपण घालून, टहाळतोड व वणवा पाच-सात वर्षे थांबविणे स्वस्त पडते व अधिक उपयोगी ठरते. रान पुष्कळदा स्वतःच परत येते. रोपे करावयाची असतील तर बियांचा स्वभाव ओळखावा. हिरड्याचे बी कठीण कवचाचे, ते रुजण्यास वेळ घेते. जांभळाचे बी याच्या अगदी उलट, ते वाळले की मरते. मे-जूनमध्ये फळे पडू लागताच गोळा करून, गर धुऊन, उन्हात न घालता, त्याच आठवड्यात पिशव्यांत लावावे. एका बियेतून पुष्कळदा दोन-तीन कोंब निघतात. त्यांतील जोमदार एक ठेवून बाकीचे पहिल्या पावसानंतर काढून टाकावेत.